येळवशीची भरती

गेल्या येळवशीला आंबिलीचा बिंदगा, म्हणजे लहान घागर, गाडीत उलटला आणि सगळी आंबील बैलांच्या पाठीवर गेली. बैलांनी एकमेकांना चाटत चाटत शेत गाठलं. त्यांची येळवस झकास झाली, माणसांची कोरडी गेली. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आपल्या मुलखात गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. जो तो शेतात जाऊन पांडवांची पूजा करतो, भाज्या-डाळींची भज्जी भाकरीबरोबर खातो आणि वर आंबील पितो. अशा सणाला आंबील नाही म्हणजे लग्नाला नवरा नाही. तेव्हापासून करजगीचे पटवारी नरहरराव यांच्या घरी येळवशीचा विषय निघाला की त्यांची बायको अन्नपूर्णाबाई कपाळाला हात लावायच्या, आणि तो हात खाली आणताना वाटेत सुनेकडे बोट दाखवून घ्यायच्या. बिंदगा धरून सून बसली होती.

सून म्हणजे कुसुमताई, बीदरच्या एका मास्तरांची मुलगी. नवरा नोकरीपायी परगावी असायचा. "मास्तराच्या घरून काय आलं? शुद्धलेखन आलं," असं अन्नपूर्णाबाई चारचौघींत म्हणायच्या. त्यावर कुसुमताईकडे एकच उत्तर होतं. "माझा भाऊ मुंबईला असतो, समुद्रावर." करजगीत समुद्र कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळं या उत्तराला प्रत्युत्तर निघत नसे. सहा वर्षं त्या सासरी या एका वाक्यावर उभ्या होत्या.

तो समुद्रावरचा भाऊ, व्यंकटेश, या येळवशीला पाव्हणा म्हणून आला आणि बहिणीचं वाक्य तिच्याच सासऱ्याच्या ओसरीवर जिवंत होऊन बसलं. खरं सांगायचं तर व्यंकटेश दादरला एका वखारीत शेंगांची पोती मोजायचा. वखारीला खिडकी होती, पण ती दुसऱ्या वखारीकडं उघडायची. "समुद्रावर असतो" हे त्यानंच कधीतरी बहिणीला ऐटीत सांगितलं होतं. पुढं ते करजगीत वाढत वाढत "समुद्राचं पाणी मोजतो" इथवर गेलं होतं, हे त्याला गाडीतून उतरल्यावर कळलं. गाडीवानानंच त्याला विचारलं, "पाणी मोजायचं झालं का संपून?"

अमावास्येला चार दिवस होते. ओसरीवर बैठक बसली. गुऱ्हाळवाले शेजारी गुंडेराव आले होते. नरहररावांना कुठल्याही गोष्टीचा बंदोबस्त करायला फार आवडे. अव्वल तालुकदाराचा दौरा असो की घरचं जेवण, ते दोन्हीला सारखाच घाम गाळायचे.

"या खेपेला गाडी नको," अन्नपूर्णाबाई आतून म्हणाल्या. "ओढ्यातल्या दगडांनी माझं कंबरडं मोडलंय. आन् बिंदगा धरणारं माणूस तेच हाय."

"पाण्यानं जाऊ या की मग," व्यंकटेश पान लावता लावता म्हणाला. "शेत नदीलाच लागून आहे. नदीत दगडधोंड्यांची वाट नाही, बिंदगा हलायचा नाही."

हे त्यानं विनोद म्हणून टाकलं होतं. पण नरहररावांना विनोद कळत नसे. पटवारकीत त्याचं काम पडलं नव्हतं. ते सावरून बसले.

"भीमेतून. उतारानं. वा!"

"उतारानं जाताल पंत, खरं हाय," गुंडेराव म्हणाले. "यायचं कसं? पाणी खाली चाललंय. तुमास्नी वर कोण आणायलंय, मेलेला आजा?"

"बघ गं कुसुम," अन्नपूर्णाबाई दारात येऊन म्हणाल्या. "तुझ्या भावाला जायची वाट म्हाईत हाय, यायची न्हाई. सगळं घराणंच तसलं. एकीनं आंबील सांडली, एक आता माणसं सांडायलाय."

कुसुमताई ताटात भाकरी घेऊन येत होत्या. त्या थांबल्या. चेहऱ्यावर काही आलं नाही, उलट होतं ते गेलं. व्यंकटेशनं ते पाहिलं आणि त्याच्या तोंडून शब्द गेला.

"भरतीनं यायचं."

"कशानं?"

आता माघार नव्हती. व्यंकटेशनं एकदा, एकदाच, माहीमच्या खाडीवर पाहिलं होतं की पाणी तासन्‌तास समुद्राकडं जातं आणि मग मन बदलल्यासारखं उलटं आत येतं. होड्या वल्ही न मारता घरी येतात. ते त्यानं सांगितलं. खाडीच्या जागी नुसतं "नदी" म्हटलं. तेवढाच फरक केला. "सकाळी ओहोटी, संध्याकाळी भरती. आणि अमावास्येला तर उधाण," असं म्हणून त्यानं डावा कान खाजवला.

व्यंकटेशला वाटलं, आता कुणीतरी हसेल, आणि सुटका होईल. पण कुणी हसलं नाही. समुद्राबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही हे कबूल करायला तिथं कुणीही तयार नव्हतं.

"भरती... व्हय की," गुंडेराव म्हणाले. "ऐकलंय मी. ते वरून येतंय ते."

"खालून," नरहरराव म्हणाले.

"खालून म्हणलं मी."

नरहररावांनी लगेच पंचांग काढलं. पंचांगात भरती नव्हती, पण अमावास्या होती आणि ती दुपारनंतर लागत होती. त्यांना तेवढं पुरलं. "म्हणजे जेवण उरकतंय, अमावास्या लागतेय, पाणी फिरतंय. बरोबर बसतंय!" ते व्यंकटेशकडं अशा कौतुकानं बघायला लागले की त्याला पानाचा चुना लागल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी नावाडी भीमण्णाला बोलावलं. त्याचं हरगोल होतं, म्हणजे वेताची मोठी गोल टोपली, बाहेरून कातडं मढवलेली. पावसाळ्यात त्यातून तो माणसं पलीकडं सोडायचा. जन्म भीमेवर गेलेला माणूस. व्यंकटेशच्या जिवात जीव आला: हा तरी म्हणेल, कसली भरती अन् कसलं काय. पण नरहररावांनी विचारायची पद्धतच अशी काढली: "भीमण्णा, मुंबईचे समुद्राचे साहेब म्हणायलेत की अमावास्येला भीमा उलटी चालते. तुला म्हाईत असंलच."

भीमण्णानं व्यंकटेशच्या कोटाकडं पाहिलं. मग पटवाऱ्याकडं पाहिलं. पटवाऱ्याला नाही म्हणायची करजगीत रीत नव्हती.

"व्हय की, रावसाब," तो म्हणाला. "आमचा आजा सांगायचा. आता लई कमी झालंय."

अडचण निघाली ती वेगळीच. अन्नपूर्णाबाईंनी साफ सांगितलं, पांडवांचा नैवेद्य कातड्याच्या टोपलीत जाणार नाही. सगळे बसले डोकं धरून. व्यंकटेशनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. मोडला बेत, सुटलो!

तेवढ्यात गुंडेराव म्हणाले, "माझी काहील घ्या की. गुळाची."

गूळ उकळायची लोखंडी काहील. तिच्यात सहा माणसं मांडी घालून बसतील. पुरात माणसं तिच्यातून नदी ओलांडायची, हे सगळ्यांना माहीत होतं. अन्नपूर्णाबाईंनी क्षणभर विचार केला. "गूळ देवाला चालतोय. मग गुळाची काहील कामून चालंना? चालंल." आणि शास्त्र तिथं संपलं.

"फकत एक," गुंडेराव म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पहाटे माझा घाणा सुरू व्हायलाय. काहील रातीच्याला चुलाणावर पायजे. न्हाई आली तर रस नासंल, आन् मी तोंड कुणाला दाखवू?"

"भरतीला उशीर होत नसतो," नरहरराव म्हणाले. आता ते व्यंकटेशच्या वतीनंही बोलत होते. घरची बैलगाडीही त्यांनी येळवशीसाठी दुसऱ्याला देऊन टाकली. लागायचीच नव्हती.

व्यंकटेशनं ठरवलं, निदान अक्काला खरं सांगायचं. सकाळी ती विहिरीवर एकटी होती. तो गेला, घसा साफ केला.

"अक्का, ते भरतीचं..."

"व्यंकू, तुला एक सांगू?" कुसुमताई घागर खाली ठेवून म्हणाल्या. "काल आत्याबाईंनी मला विचारलं, कुसुम, भरती म्हणजे काय गं? मला विचारलं. सहा वर्षांत मीठ कुठं ठेवलंस याच्याशिवाय काही विचारलं न्हवतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तू काय म्हणत होतास?"

"काही नाही," व्यंकटेश म्हणाला. "घागर उचलू लागू का?"

येळवशीच्या सकाळी मंडळी निघाली. काहिलीत नरहरराव, अन्नपूर्णाबाई, कुसुमताई, व्यंकटेश आणि काहिलीच्या काळजीनं आलेले गुंडेराव. मधोमध आंबिलीचा बिंदगा, भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, खीर, शेंगापोळ्या. मागं दोरानं बांधलेलं हरगोल, त्यात वल्हं घेऊन भीमण्णा. काहिलीला पुढं-मागं नसतं, हे कुणी लक्षात घेतलं नव्हतं. मध्यावर गेल्याबरोबर ती गरगरायला लागली. करजगीचं शिवार, पलीकडचा काठ, पुन्हा करजगीचं शिवार. नरहररावांना सूर्य समोर आला की हात जोडायची सवय होती. तो इतक्या वेळा समोर आला की त्यांनी वाटेत महिन्याभराचे नमस्कार उरकले.

"आंबील हलली न्हाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. ते खरं होतं. बिंदगा जागचा हलला नव्हता, बाकी सगळं जग हललं होतं. "तुझ्या भावाला अक्कल हाय गं कुसुम."

कुसुमताईंनी मान खाली घातली. व्यंकटेशला वाटलं, आत्ताच्या आत्ता काहील बुडावी.

काहील बुडाली नाही. मळईचं शेत आलं. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले, चुना लावला, पूजा झाली. नरहरराव पिकातून "ओलगे ओलगे" करत आंबील शिंपडून आले. मग जेवण. भज्जी अशी झाली होती की गुंडेराव तिसऱ्या वाढीनंतर बोलेनासे झाले. व्यंकटेशच्या ताटात मात्र उंडा तसाच. त्याची नजर नदीवर. भीमा खाली जात होती. आपल्याच मर्जीनं, सावकाश, काही घाई नसल्यासारखी खाली जात होती.

"अमावास्या लागली," नरहरराव आकाशाकडं बघून म्हणाले, जणू तिथं पाटी लागणार होती. "चला, जागा धरा."

सगळे जाऊन काहिलीत बसले. काहील काठाच्या खुंटीला बांधलेली. मंडळी पाय पोटाशी घेऊन, उलट दिशेला तोंड करून भरतीची वाट बघू लागली. पलीकडच्या काठावर कुणी गुराखी उभा राहून बराच वेळ बघत राहिला. मग त्याचाही धीर सुटला आणि तो निघून गेला.

गुंडेरावांनी काठाच्या चिखलात एक काडी रोवली. "हिच्यावरनं कळंल," ते म्हणाले.

आणि पाणी काडीवर चढलं! दोन बोटं. सरळ.

"आली!" नरहरराव उठून उभे राहिले, काहील एका अंगाला कलंडली, खीर सांडली. "आली, आली! व्यंकटेशराव, आली!"

व्यंकटेश हादरलाच. एक क्षण त्याला वाटलं, आपण खोटं बोललोच नव्हतो, आपण द्रष्टे आहोत. मग त्यानं मान वळवली. वरच्या अंगाला, काठालगतच्या डबक्यात, कुणाच्या तरी पाच-सहा म्हशी डुंबायला उतरल्या होत्या. त्यांच्या पोटांनी ढकललेलं पाणी काडीपर्यंत आलं होतं. थोड्या वेळानं म्हशी निघून गेल्या आणि भरतीही गेली.

"ती नमुन्याची होती," नरहरराव म्हणाले. "खरी यायची हाय."

भीमण्णानं हरगोलातून साक्ष दिली, "आमच्या आजाच्या वक्तालाबी आधी नमुना यायचा."

सूर्य उतरायला लागला. गुंडेरावांचा चेहरा हळूहळू काळवंडला. "पंत, माझी काहील..." ते म्हणाले आणि थांबले. अन्नपूर्णाबाईंनी पदर सावरला. मग सुनेकडं एकदा वळून बघितलं. सहा वर्षं व्यंकटेशच्या बहिणीनं रोज झेललेली ती नजर त्यानं आज पहिल्यांदा पाहिली. त्या नजरेत शिवी नव्हती, "मला म्हाईतच होतं" असं होतं. ती शिवीपेक्षा खोल जाते.

सांगून टाकावं. आत्ता. तो उठायला लागला, आणि त्याच वेळी काहिलीतून घोरणं ऐकू आलं. नरहरराव झोपले होते. मग गुंडेराव. येळवशीची भज्जी आणि आंबील पोटात गेल्यावर माणूस उभ्याउभ्या झोपतो, ही मंडळी तर बसलेली होती. अन्नपूर्णाबाईंचे आणि कुसुमताईंचे डोळेही मिटले. भीमण्णा केव्हाच हरगोलात आडवा झाला होता.

व्यंकटेशनं सगळ्यांकडं पाहिलं. मग कोट काढला, घडी घालून बिंदग्यावर ठेवला, धोतर कमरेला खोचलं आणि आवाज न करता पाण्यात उतरला. खुंटीचा दोर सोडला, खांद्यावर घेतला आणि काठाकाठानं, गुडघाभर पाण्यातून, भीमेच्या उलट दिशेनं चालू लागला. भीमा येईना, तर आपणच भरती होऊ.

मार्गशीर्षातलं पाणी हाडापर्यंत गार होतं. शेवाळावरून पाय घसरायचा, दोर तळहात सोलायचा. काहील आली पण. जड म्हणजे जड, पाच माणसांची आणि एका खोट्याची. थोड्या अंतरावर त्याला वाटलं, दोर हलका झाला. मागं बघितलं तर कुसुमताई. लुगडं वर खोचून, मांडीभर पाण्यात उभ्या राहून, दोराचं शेपूट हातात घेतलेल्या.

व्यंकटेशला तोंड लपवायला जागा नव्हती. समोर नुसती नदी होती.

"कधी कळलं तुला?" त्यानं हळूच विचारलं.

"ओसरीवरच. तू खोटं बोललास की डावा कान खाजवतोस. लहानपणापासून. त्या दिवशी कान लाल झालता."

"मग विहिरीवर... बोलली कामून न्हाईस?"

कुसुमताईंनी दोराचा एक वेढा हाताला घेतला. दोघं ओढत राहिले.

"त्यांनी मला विचारलं होतं रे," त्या शेवटी म्हणाल्या. "भरती म्हणजे काय. मी सांगितलं. तूच मला एकदा सांगितलेलं मी तसंच सांगितलं. त्या ऐकत होत्या."

"अक्का, मी समुद्रावर न्हाई. मी वखारीत शेंगाची पोती मोजतो."

"मोज की. कुणीतरी मोजायलाच पायजे." त्यांचा दात दातावर वाजत होता. "आता ओढ. आन् हिसके देऊ नको. भरती हिसके देत नसंल."

तिला हे कसं माहीत, असं व्यंकटेशच्या मनात आलं, पण त्यानं विचारलं नाही. हसावं की रडावं हेही त्याला ठरवता येईना, म्हणून तो नीट ओढत राहिला. एका ठिकाणी खडकाला काहील घासली, करकर आवाज झाला. दोघं श्वास धरून उभे राहिले. नरहरराव झोपेतच म्हणाले, "लागली वाटतं भरती," आणि कूस बदलली. दोघांनी पुन्हा दोर घेतला.

गावचा घाट दिसला तेव्हा शेताशेतातून कडब्याचे पेटते हेंडगे फिरायला लागले होते. व्यंकटेशनं काहील घाटाच्या पायरीला टेकवली, दोर खाली टाकला आणि दोघं पायरीवर चढून उभे राहिले, नुकतेच आल्यासारखे. त्यानं हात पाठीमागं घेतले.

पायरीच्या धक्क्यानं नरहरराव जागे झाले. घाट बघितला. पुन्हा बघितला. आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद पसरला की व्यंकटेशला तो बघवेना.

"आली का न्हाई! गुंडेराव, उठा, करजगी! बघा ही काहील, कुठं पोचलीय!"

गुंडेराव धडपडून उठले, काहिलीला हात लावून बघितला आणि डोळ्यांत पाणी आणून व्यंकटेशचे पाय धरायला वाकले. हरगोलातून भीमण्णा डोळे चोळत म्हणाला, "म्हणलं न्हवतं मी? आमच्या आजाच्या वक्ताला अश्शीच यायची. गुपचूप."

"काका," व्यंकटेश मागं सरत म्हणाला. "गुंडेराव, उठा हो, पाय नका धरू. भरती आली न्हाई. मी... मी खोटं बोललो होतो. नदीला भरती नसते."

नरहररावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा, बघा! शिकलेला माणूस असा असतो. एवढं करून म्हणायलाय मी काही केलं न्हाई. पुढल्या साली तहसीलदार साहेबांनाच बोलावतो. धा काहिली! सगळं गाव भरतीनं!"

गुंडेरावांनी मान डोलावली. व्यंकटेश पुन्हा तेच बोलला, मोठ्यानं बोलला, आणि प्रत्येक खेपेला तो त्यांच्या नजरेत आणखी मोठा होत गेला. शेवटी तो गप्प झाला. लाजेला खालची पायरी असते असं त्याला वाटलं होतं, ती लागेना.

बाकीचे पुरुष काहील वाहून न्यायला माणसं बघायला गेले. घाटावर बिंदगा, रिकामी पातेली आणि तिघंच राहिले. अन्नपूर्णाबाई सगळ्यात शेवटी काहिलीतून उतरल्या. पायरीवर थांबल्या. कुसुमताईच्या लुगड्याचं पाणी पायरीवरून ओघळत होतं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "लुगडं बदल आधी. भरतीचं पाणी गार असतंय."

कुसुमताई जागच्या जागी थिजल्या. अन्नपूर्णाबाईंनी व्यंकटेशचा हात पाठीमागून ओढून काढला, उलटा केला, सोललेला तळवा हेंडग्यांच्या उजेडात बघितला आणि सोडून दिला.

"खडक लागला तवा जागी झाले मी," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर लोणी लाव ह्याला. आन् ह्यांना मी सांगते, पुढल्या साली पंचांगात भरती न्हाई म्हणून. गाडीनं जाऊ."

मग त्यांनी बिंदगा स्वतःच्या कडेवर घेतला.

"बिंदगा मी धरून बसते," सुनेकडं न बघता त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या चढायला लागल्या.

व्यंकटेश तिथंच उभा राहिला. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर त्याला घरी जाता आलं असतं. शेवटी अक्कानंच त्याचा कोट उचलून त्याच्या खांद्यावर टाकला, आणि तो तिच्या मागं, तिच्या ओल्या पावलांवर पाऊल ठेवत, लोणी लावायला निघाला.